पडद्यावरचा भूकंप

माणूस दुःख टाळण्यासाठी आयुष्यभर धडपडतो आणि मग एखाद्या सुटीच्या दिवशी रांगेत उभा राहून, तिकिटाचे पैसे मोजून, दुःख पाहायला जातो. भूकंप, पूर, बुडणारं जहाज, पेटलेली आगगाडी, खाणीत कोंडलेले मजूर, असे चित्रपट शंभर वर्षांहून अधिक काळ निघत आले आहेत. लोक ते पाहतात, रडतात, बाहेर येऊन डोळे पुसतात आणि म्हणतात, ‘पिक्चर चांगला होता.’ हे काय गौडबंगाल आहे? आपलं रडणं नेमकं कुणासाठी असतं?

मी धर्माबादचा. तेलंगणाच्या सीमेला लागून असलेलं, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचं हे गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. हंगामात लाल मिरचीचे ढीग लागले की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ‘बाबा, का रडतोस?’ असं कुणी कुणाला विचारत नाही. आमच्याकडे मराठी, उर्दू, तेलुगू या तिन्ही भाषा एकाच ओट्यावर बसून बोलतात. पण टॉकीजमध्ये दिवे मालवले की तिघींची मिळून एकच भाषा होत असे. त्या भाषेचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

सुरुवात जरा लांबून करतो. १५ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक बुडालं. त्या जहाजावरून वाचलेल्या प्रवाशांमध्ये डोरोथी गिब्सन नावाची एक अमेरिकन नटी होती. महिनाभरातच, मे १९१२ मध्ये, तिचा या अपघातावरचा मूकपट पडद्यावर आला. त्यात तिनं स्वतःचीच भूमिका केली आणि बुडत्या जहाजावरून उतरताना अंगावर होते तेच कपडे घालून केली. पुढं तो चित्रपट आगीत नष्ट झाला आणि तिनंही लवकरच चित्रपटातलं काम सोडलं. संकटातून वाचलेलं माणूस आणि संकटाचा चित्रपट यांची गाठ ही अशी पहिल्यापासून पडलेली आहे. संकट संपलं तरी ते माणसाच्या आत चालूच राहतं. त्याला कुठंतरी बाहेर यायला वाट लागते.

आपल्याकडे ही वाट फार जुनी आहे. राजा हरिश्चंद्राचं राज्य जातं, बायको-मुलाची ताटातूट होते आणि शेवटी सगळे भेटतात. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट काढला तो याच कथेवर. नळ-दमयंतीची कथा ताटातुटीचीच. आमच्या घरात बायका हजरत यूसुफ यांची कहाणी सांगत. भावांनी विहिरीत टाकलेला यूसुफ, त्याच्यासाठी रडून रडून दृष्टी गमावलेले वडील याकूब आणि किती वर्षांनी झालेली बापलेकांची भेट. सांगणारीला शेवट माहीत असे, ऐकणाऱ्यांनाही माहीत असे. तरी भेटीचा प्रसंग आला की आवाज दाटून येई. म्हणजे पुढं काय होणार या उत्सुकतेपोटी माणूस अशी कथा ऐकत नाही. त्याला ती भेट पुन्हा एकदा घडायला हवी असते.

या सगळ्या धाग्यांचा पीळ एका हिंदी चित्रपटात बसला. तो म्हणजे १९६५ सालचा ‘वक्त’. निर्माते बी. आर. चोप्रा, दिग्दर्शक त्यांचे धाकटे भाऊ यश चोप्रा. आजच्या पिढीनं कदाचित पाहिला नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. लाला केदारनाथ हा भरभराटीला आलेला व्यापारी. ही भूमिका बलराज साहनींनी केली. तीन मुलगे, समाधानी बायको, नवं वैभव. घरात आनंदाचा समारंभ आहे, मन्ना डेंच्या आवाजातलं ते प्रसिद्ध गाणं होतं, लालाला आपल्या कर्तृत्वाचा अभिमान चढलेला आहे. आणि त्याच रात्री जमीन हादरते. पडद्यावर फार वेळ लागत नाही. भिंती कोसळतात, धूळ उडते आणि पाच माणसांचं घर चार दिशांना फेकलं जातं. तान्हं मूल तेवढं आईजवळ राहतं. एक मुलगा यतीमखान्यात जातो, एक श्रीमंताच्या घरी वाढतो आणि बाप तुरुंगात पोहोचतो. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे या माणसांचं एकमेकांना न ओळखता एकमेकांच्या आसपास वावरणं. राजकुमार, सुनील दत्त, शशी कपूर हे तिघे भाऊ. शेवटी न्यायालयातल्या एका खटल्याच्या निमित्तानं सारे एकत्र येतात.

चित्रपट तुफान चालला. बरेच तारे एकत्र होते, गाणी होती, रंग होते, हे खरंच. पण चित्रपटाच्या अभ्यासकांनी पुढं एक गोष्ट दाखवून दिली, ती मला पटते. हा भूकंप म्हणजे फाळणी आहे, असं त्यांचं म्हणणं. चोप्रा कुटुंब लाहोरचं. बी. आर. चोप्रा तिथं चित्रपट-पत्रकार होते आणि १९४७ साली सगळं सोडून त्यांना निघावं लागलं. बलराज साहनी रावळपिंडीचे. एका रात्रीत घर जाणं, मुलं हरवणं, बापानं वर्षानुवर्षं शोधत राहणं हे या मंडळींना कादंबरीतून वाचावं लागलं नव्हतं. संवाद लिहिणारे अख्तर उल ईमान हे उर्दूतले मोठे कवी. त्यांच्या स्वतःच्या बालपणाची काही वर्षं दिल्लीच्या यतीमखान्यात गेली होती.

आता यातली महत्त्वाची गोष्ट पाहा. याच यश चोप्रांनी १९६१ साली ‘धर्मपुत्र’ नावाचा चित्रपट काढला होता. संवाद याच अख्तर उल ईमान यांचे. त्यात फाळणीच्या वेळचा द्वेष आणि दंगल सरळ सरळ दाखवली होती. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तिकीट खिडकीवर तो पडला. मग चारच वर्षांनी तीच ताटातूट, तोच उजाडलेला संसार त्यांनी भूकंपाच्या नावानं मांडला आणि लोकांनी टॉकीजचे दरवाजे मोडायचे बाकी ठेवले. असं का झालं असेल? मला वाटतं, दंगल पाहताना माणूस आधी हिशेब करतो. मारणारा कोण, मरणारा कोण, आपले किती, त्यांचे किती. हिशेबात रडणं राहून जातं. भूकंपाला जात नसते, धर्म नसतो, झेंडा नसतो. तिथं दोष द्यायला कुणी नाही. त्यामुळे प्रेक्षकाला आपलं स्वतःचं हरवलेलं माणूस आठवायला मोकळीक मिळते.

ही मोकळीक आमच्या मराठवाड्याला विशेष हवी होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाची राजवट संपली आणि आम्ही भारतात आलो. तो मुक्तीचा दिवस आम्ही दरवर्षी साजरा करतो आणि करायलाच हवा. पण त्याआधीचं वर्ष रझाकारांच्या जुलमाचं होतं. गावंच्या गावं घाबरून सीमेपलीकडे, वऱ्हाडात निघून गेली होती. घरं लुटली गेली, माणसं मारली गेली. आणि पोलीस ॲक्शननंतरचे काही आठवडे अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांसाठी तितकेच भयंकर ठरले. भारत सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही चार नावं लिहिली. त्या काळात मारल्या गेलेल्यांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. रझाकारांची कृत्यंही त्या अहवालात आहेत. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांना पाहायला मिळू लागला.

म्हणजे आमच्या भागात दोन प्रकारची घरं होती आणि दोन्ही घरांत कुणी ना कुणी कमी होतं. दोन्ही घरं त्याविषयी गप्प होती. एका घरानं बोलावं तर दुसऱ्यावर आरोप केल्यासारखं होणार. रोज एकाच विहिरीवर, एकाच बाजारात, एकाच गल्लीत जगायचं होतं. म्हणून सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

‘वक्त’ पुन्हा लागला तेव्हाची, १९८० च्या आसपासची गोष्ट. मी दहा वर्षांचा असेन. त्या काळी गावोगावच्या टॉकीजमध्ये जुने पिक्चर फिरून फिरून येत. बायकांना बसायला वेगळी बाजू असे आणि मी लहान असल्यामुळे दादीबरोबर बायकांच्या बाजूला बसलो होतो. दादी आयुष्यात मोजून चार-पाच पिक्चर पाहिलेली बाई. भूकंपाच्या प्रसंगाला पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या आल्या, कारण भिंती कशा पाडल्या असतील याचं सगळ्यांना नवल. दादी मात्र स्थिर होती. ती रडू लागली ती पुढं, बाप यतीमखान्यात मुलाला शोधायला जातो आणि मूल तिथून पळून गेलेलं असतं तेव्हा. आवाज न करता, तोंडात पदर धरून ती रडत होती. मी घाबरलो आणि तिचा हात ओढायला लागलो. तिच्या पलीकडे आमच्या मागच्या गल्लीतली एक म्हातारी बसली होती, नऊवारीतली, कपाळाला मोठं कुंकू. तिचेही डोळे वाहत होते. ती मला हळूच म्हणाली, ‘रडू दे रे बाळा तिला. मोकळं होऊ दे.’ आणि तिनं दादीच्या पाठीवर हात ठेवला. तो हात इंटर्व्हलपर्यंत तिथंच होता.

मोठा झाल्यावर अम्मीकडून मला दोन गोष्टी कळल्या. दादीचा धाकटा भाऊ १९४८ च्या सप्टेंबरात घरातून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. त्याची कबर कुठं आहे हे कुणाला माहीत नाही. आणि त्या मागच्या गल्लीतल्या म्हातारीचं कुटुंब त्याच्या आदल्या पावसाळ्यात रझाकारांच्या भीतीनं रातोरात वऱ्हाडाकडे निघालं होतं. वाटेत तिची चार वर्षांची लेक तापानं गेली. तिला रस्त्याच्या कडेला ठेवून पुढं जावं लागलं. या दोघी तीस वर्षं एकमेकींना ओळखत होत्या. सणाला शीरखुर्मा आणि पुरणपोळी इकडून तिकडे जात होती. पण या दोन गोष्टी त्यांच्यात कधी निघाल्या नाहीत, असं अम्मी सांगायची. त्या दिवशीही निघाल्या नाहीत. पिक्चर सुटला, दोघी घरी आल्या. एवढंच झालं होतं की एकीनं दुसरीच्या पाठीवर हात ठेवला होता आणि कोण कुणासाठी रडतंय हे दोघींनी विचारलं नव्हतं.

मंडळी, माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथं मिळतं. संकटाच्या चित्रपटाची ताकद पडद्यावर थोडी आणि खुर्चीत जास्त असते. पडद्यावरचा भूकंप खोटा, पुठ्ठ्याच्या भिंतींचा. त्याच्याखाली गाडलेलं माणूस मात्र प्रत्येक प्रेक्षक आपल्या घरून घेऊन येतो. अंधार असल्यामुळे ते कुणाला दिसत नाही. शेजारी माणसं असल्यामुळे एकटंही वाटत नाही. हे दोन्ही एकाच वेळी मिळणारी जागा आपल्या गावांत फार थोडी असते.

‘वक्त’नंतर असे आणखी चित्रपट आले. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरून पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. त्या घटनेवरून स्फूर्ती घेऊन यश चोप्रांनीच १९७९ साली ‘काला पत्थर’ काढला. सलीम-जावेद यांच्या त्या कथेत अमिताभ बच्चनचा नायक हा पूर्वी जहाजाचा कप्तान असतो. वादळात प्रवाशांना सोडून तो स्वतःचा जीव वाचवतो आणि त्या लाजेनं कोळशाच्या खाणीत येऊन राबतो. दुसऱ्याच वर्षी रवी चोप्रांचा ‘द बर्निंग ट्रेन’ आला. आमचं रेल्वेचं गाव, त्यामुळे तो पाहून आल्यावर आठ दिवस पोरं स्टेशनावरच्या प्रत्येक इंजिनाकडे संशयानं पाहत होती. पण मनात घर करून राहिला तो ‘काला पत्थर’चा कप्तान. आपण वाचलो, बाकीच्यांचं काय, या प्रश्नानं आतून जळणारा माणूस. मला तेव्हा तो फक्त सिनेमाचा नायक वाटला होता. तो माणूस मी पुढं प्रत्यक्ष पाहिला.

२९ सप्टेंबर १९९३ ची रात्र. गणपती विसर्जनाची. मिरवणुका संपवून, गुलाल धुऊन गावं उशिरा झोपली होती. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याची जमीन हादरली. आमच्या धर्माबादला मांडणीवरची भांडी वाजली, लोक अंगणात आले आणि पुन्हा झोपले. सकाळी रेडिओनं किल्लारी हे नाव सांगितलं. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. याहून मोठे भूकंप जगात कितीतरी होतात. पण इथली घरं जाडजूड दगडांची, दगड मातीत रचलेले, वर लाकडावर मातीचा जड थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारं तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, होळी, राजेगाव अशी गावं काही सेकंदांत ढिगारा झाली. सुमारे १०,००० माणसं गेली.

आमच्या गावातून भाकरी, चादरी आणि औषधं घेऊन एक ट्रक निघाला, त्यात मीही होतो. तेव्हा नुकताच बी. ए. झालो होतो. पाऊस पडत होता. सरणाला लाकूड पुरत नव्हतं. एका गावात एक माणूस आपल्या घराच्या जागेवर उभा होता. विसर्जन झाल्यावर तो मित्रांबरोबर पारावरच झोपला होता, म्हणून वाचला. घरात बायको, आई आणि दोन मुलं होती. आम्ही त्याच्या हातात भाकरी दिली. त्यानं ती घेतली आणि तशीच हातात धरून ठेवली. ‘मी बाहेर का झोपलो?’ एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याला उत्तर नको होतं. ‘काला पत्थर’चा कप्तान मी तिथं पाहिला. फरक एवढाच की या माणसानं कुणालाही सोडून पळ काढला नव्हता, तरी लाज तीच होती.

या घटनेनंतर दोन-तीन वर्षांनी ‘वक्त’ पुन्हा एकदा मॅटिनीला लागला. आता टीव्ही घरोघर आला होता, टॉकीज निम्मी रिकामी. तरी मी गेलो. मन्ना डेंचं गाणं संपलं, रात्र झाली आणि पडदा हादरला. शिट्टी आली नाही. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. दोघे-तिघे उठून बाहेर गेले. डोअरकीपरनं त्यांना काही विचारलं नाही. तो प्रसंग संपल्यावर ते परत येऊन आपापल्या जागी बसले आणि शेवटच्या भेटीपर्यंत थांबले. दादीच्या वेळी भूकंप हे दुसऱ्याच एका दुःखाचं टोपणनाव होतं. आता ते टोपणनाव राहिलं नव्हतं. समारंभ, गाणं, झोप आणि मग कोसळलेलं छत, हा क्रम जसाच्या तसा आमच्याकडे घडून गेला होता. तरी त्या लोकांना शेवटची भेट पाहायची होती.

इथं मला चित्रपटाशी थोडं भांडायचंही आहे. ‘वक्त’मध्ये भूकंप होतो आणि मुलं बघता बघता जवान होऊन समोर येतात. मधली वर्षं पडदा गिळून टाकतो. खऱ्या भूकंपात मधली वर्षंच सगळ्यांत लांब असतात. किल्लारी परिसरात ५२ गावं नव्या जागेवर वसवावी लागली. जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारनं पुनर्वसनाचं प्रचंड काम केलं, देशभरातून संस्था आल्या. नवी गावं रुंद रस्त्यांची आणि सरळ रेषांची झाली. पण गल्ली गेली, पार गेला, भिंतीला भिंत लागून असलेलं शेजारपण गेलं. कित्येक वर्षं लोक छताखाली झोपायला भीत. ‘वक्त’च्या मुलांसारखी खरी मुलंही होती. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं पुण्याला नेली आणि त्यांच्या राहण्या-शिकण्याची वर्षानुवर्षं सोय केली. त्यांतली कितीतरी मुलं शिकून, कमावती होऊन आपल्या माणसांत परतली. ही भेट न्यायालयातल्या एका प्रसंगात झाली नाही. ती सुटीच्या दिवशी पाठवलेल्या पत्रांतून, एसटीच्या प्रवासातून, हळूहळू झाली. आणि कित्येकांना परत जाऊन भेटायला कुणी उरलंच नव्हतं. चित्रपटात शेवटी तिन्ही मुलगे सापडतात. तलाठ्याच्या यादीत तसं होत नाही.

मग हा चित्रपट खोटा म्हणायचा का? मी म्हणत नाही. यूसुफच्या कहाणीत भेट होते म्हणून जगातल्या सगळ्या बापांना मुलं परत मिळत नाहीत, हे सांगणाऱ्या बायकांना ठाऊक होतं. तरी त्या भेट सांगत राहिल्या. एकदा तरी, कुणाची तरी भेट झाली, हे पाहण्यानं स्वतःची न झालेली भेट सोसायला बळ येतं. ते बळ खोटं नसतं.

हे सगळं मला नव्यानं कळलं ते कोरोनाच्या वर्षांत. मार्च २०२० मध्ये देशभरातली थिएटरं बंद झाली. मधले काही महिने निम्म्या खुर्च्यांवर ती उघडली, पुन्हा बंद झाली. महाराष्ट्रात ती २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाली. आमच्या पिढीनं पाहिलेलं हे सर्वांत मोठं संकट आणि ते पाहताना प्रत्येकजण आपापल्या घरात, हातात मोबाइल धरून एकटा. मयतीला वीस माणसांची मर्यादा. कितीतरी घरांत मुलांना बापाचा चेहराही पाहता आला नाही. ८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशातली माणसं, गाडी मिळेल या आशेनं भुसावळकडे पायी निघाली होती. तो लोहमार्ग आमच्या धर्माबादवरूनच येतो. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचं चित्र त्या दिवशी प्रत्येक मोबाइलवर आलं. आपण पाहिलं, हळहळलो आणि बोटानं वर सरकवलं. दुसरं चित्र आलं.

मोबाइलवरचं चित्र खरं असतं, पडद्यावरचं खोटं. तरी खऱ्या चित्रानं डोळ्यांत पाणी येऊन तिथंच सुकतं आणि खोट्या चित्रानं माणूस हुंदके देतो, असं का? मला दोन कारणं दिसतात. चित्रपट आपल्याला आधी त्या माणसांच्या घरात नेतो. त्यांचं जेवण, भांडण, गाणं दाखवतो, आणि मग जमीन हलवतो. मोबाइलवरच्या माणसाला आधीचा दिवसच नसतो. आपल्याला तो थेट मेलेलाच भेटतो. आणि दुसरं कारण असं की टॉकीजमध्ये तीन तास उठून जाता येत नाही, शेजारचा रडत असतो, आपल्यालाही रडायची मुभा असते. मोहरमला आमच्याकडे गावोगाव पंजे बसतात, सवाऱ्या निघतात, त्यांत हिंदू घरं पिढ्यान्‌पिढ्या मानाची असतात. करबलाचं दुःख तेराशेहून अधिक वर्षं ताजं राहिलं ते माणसं जमून त्याच्यासाठी रडली म्हणून. वारकऱ्यांच्या कीर्तनातही ऐकणाऱ्याचा कंठ दाटतो तो चारचौघांत बसल्यामुळेच. रडायलाही माणसं लागतात, हे आपल्या पूर्वजांना माहीत होतं.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘मिशन रानीगंज’ हा चित्रपट आला. १९८९ साली पश्चिम बंगालच्या खाणीत पाणी भरल्यावर जसवंतसिंग गिल या अभियंत्यानं पोलादी पिंजऱ्यातून ६५ कामगारांना एकेक करून वर काढलं, त्याची ती सत्यकथा. पुढच्याच महिन्यात उत्तरकाशीच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकले आणि १७ व्या दिवशी सगळे जिवंत बाहेर आले. त्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्या देशानं जो श्वास सोडला, तो मला ‘वक्त’च्या शेवटच्या रिळासारखा वाटला. कधी कधी भेट खरोखर होते.

मराठवाड्यातल्या जुन्या टॉकीज आता बऱ्याच ठिकाणी बंद पडल्या आहेत. काहींची गोदामं झाली, काहींची मंगल कार्यालयं. दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत श्रद्धांजलीसाठी लोक जमतात. त्या पहाटेनंतर जन्मलेली मुलं आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यासाठी भूकंप म्हणजे घरातल्या मोठ्यांचं मधूनच गप्प होणं. त्यांच्यासाठी किल्लारीवरचा एक चित्रपट मला थिएटरात बसून पाहायचा आहे. त्यात विसर्जनाची रात्र सावकाश दाखवावी. माळवदाखालची घरं, चुलीवरची शेवटची भाकरी, पारावरच्या गप्पा दाखवाव्यात. आणि भूकंपानंतर ती मधली वर्षं कापू नयेत. पत्र्याच्या शेडमधले पावसाळे, पुण्याहून आलेली मुलं, बाहेर झोपलो म्हणून वाचलो असं म्हणत म्हातारा झालेला माणूस, सगळं असू द्यावं.

असा चित्रपट लागला तर मी पहिल्या खेळाला जाईन. शेजारी कोण बसलंय, तो कुठल्या गावचा, कुणासाठी रडतोय, हे मी विचारणार नाही. हात तेवढा त्याच्या पाठीवर ठेवीन.